आबाजींच्या वहीतला तारा

धानाचं चुरणं आटोपलं की आमच्याकडं धान ठेवायची ढोली झाडून घ्यायचं काम असते. यंदा ढोलीमागची लोखंडी पेटी पण ओढून काढली, उंदरांनी आतल्या कागदांचा पार भुसा करून ठेवला होता, आणि आजी दारात बसून म्हणत होती "फेक ना बाप्पा ते सगळं, काहाले जपून रायला", तेवढ्यात खालून आबाजींची भिलाईची वही निघाली. लाल पुठ्ठ्याची, खिशात मावणारी. आत हजेरीचे आकडे, कोणाकडून किती पैसे उसने घेतले ते, आणि चार-पाच पानं भरून रशियन शब्द, सगळे देवनागरीत. ख्लेब म्हणजे भाकर. वदा म्हणजे पाणी. मलातोक म्हणजे हातोडा.

आमचं गाव आमगावच्या बाजूला, तेव्हा भंडारा जिल्हा होता, आता गोंदिया. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार रशियासोबत फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला, काम निघालं आणि मग आमच्या पट्ट्यातले पोट्टे पॅसेंजर पकडून तिकडं जायला लागले, आबाजी पण त्यातलेच, फिटरच्या हाताखाली लागले. ४ फेब्रुवारी १९५९ ला पहिली भट्टी सुरू झाली, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले होते, तो दिवस आबाजी आम्हाला शंभरदा सांगत. पण वहीतल्या त्या एका पानाबद्दल त्यांनी कधी काही सांगितलं नाही, निदान मला तरी.

त्या पानावर पेन्सिलनं तारा काढलेला आहे. पाच टोकांचा, त्याच्या मागून किरणं निघून राहिले, किरणांच्या वरून एक बंदूक आणि एक तलवार आडव्या-तिडव्या, मधल्या गोलात कोयता-हातोडा, गोलाभोवती अक्षरांच्या जागी नुसत्या रेघोट्या. रेष आबाजींची नाही, त्यांना साधा बैल काढता येत नव्हता. ती भिलाईतल्या एका रशियन इंजिनियर साहेबांची असणार. खाली मात्र आबाजींचं अक्षर: एक नाव, आडनावासकट, मग "साहेबाचा मोठा भाऊ. लढाईत गेला. मेल्यावर भेटला. तारवाला. स्मोलेन्स्क." एवढंच.

नाव मी इथं लिहीत नाही, त्या घरच्यांना मी विचारलेलं नाही.

मी गावात सेवा केंद्र चालवतो. दिवसभर माझ्याकडं हेच येते, आधारवर एक नाव, सातबारावर दुसरं, बँकेत तिसरं, आणि माणूस तर एकच. म्हणून वाटलं हे आपल्याला जमलं पाहिजे. रशियाच्या संरक्षण खात्यानं दुसऱ्या महायुद्धाची कागदं स्कॅन करून सगळ्यांसाठी उघडी ठेवली आहेत, मेलेल्या-हरवलेल्यांची 'मेमोरियल' २००७ पासून, पदकांची 'पोद्विग नारोदा' २०१० पासून, आणि दोन्ही एकत्र करणारी 'पाम्यात नारोदा' २०१५ पासून. फुकट आहे, लॉगिन पण लागत नाही. मूळ कागद मॉस्कोजवळच्या पोदोल्स्कच्या लष्करी दफ्तरात आहेत.

आधी चित्रातला तारा म्हणजे पदक कोणतं ते पाहिलं. मी पहिले 'लाल तारा' समजून बसलो होतो, तो पण पाच टोकांचाच आणि लालच, पण त्याच्या मधल्या गोलात बंदूक घेतलेला शिपाई उभा असते. आपल्या चित्रात कोयता-हातोडा आहे आणि मागं किरणं आहेत, म्हणजे हा 'ओतेचेस्त्वेन्नाया वोइना', पितृभूमीच्या युद्धाचा ऑर्डर, ऑर्डर म्हणजे तिकडचं मोठं पदक. २० मे १९४२ ला सुरू झालेला. याचे दोन वर्ग, पहिल्याचे किरण सोनेरी, दुसऱ्याचे चांदीचे, आणि पेन्सिलच्या चित्रात रंग कुठला.

मग नाव टाकलं. देवनागरीवरून रशियन अक्षरं एकेक करून बसवली. काहीच नाही आलं. चार दिवस रोज रात्री दुकान बंद केल्यावर बसलो, व चा ब करून पाहिला, त चा द करून पाहिला, काहीच नाही.

शेवटी किल्ली वहीतच होती. सहज म्हणून मी त्या शब्दांच्या यादीतला 'वदा' रशियनमध्ये शोधला तर स्पेलिंग 'वोदा'. मलातोक पाहिला, तर 'मोलोतोक'. म्हणजे रशियन लोक लिहितात ओ, पण ज्या अक्षरावर जोर नाही तिथं त्याचा उच्चार करतात अ. मोस्क्वा लिहितात आणि मस्क्वा म्हणतात. आबाजी तर कानानं लिहिणारे माणूस, जे ऐकलं ते लिहिलं, आणि बरोबरच ऐकलं होतं. मी आडनावातल्या दोन अ चे ओ केले आणि एका नावाचे ३१ लोक समोर आले.

३१ जणांतून एक काढायचा कसा? तर त्यांच्याकडं पण आपल्यासारखंच आहे, आडनाव, नाव, आणि बापाचं नाव. बापाचं नाव इवान असलं तर पोरगा इवानोविच. आबाजींनी भावाचं बापाचं नाव अर्धंच लिहिलं होतं, पण तिकडं मोठ्या माणसाला हाक मारताना नाव आणि बापाचं नाव असं जोडून म्हणतात, आणि आजीला तो साहेब अजून त्याच हाकेनं आठवते! दोघं सख्खे भाऊ, बाप एकच. तिनं जे म्हटलं ते मी टाकलं तर चार उरले. त्यातला स्मोलेन्स्क या रशियन शहराकडचा एकच. जन्म १९२५.

त्याचे दोन कागद आहेत. एक युनिटनं पाठवलेली मेलेल्यांची यादी, ओळीत नाव, हुद्दा, तारीख, कुठं पुरलं, आणि शेवटच्या रकान्यात आईचं नाव आणि गाव. दुसरा 'नाग्रादनोय लिस्त', म्हणजे पदकाची शिफारस. हा हातानं लिहिलेला आहे आणि रशियन हस्ताक्षर म्हणजे छापील अक्षरांशी काही संबंधच नाही, त चा इंग्रजी एम दिसतो, प चा एन. मोबाईलच्या ट्रान्सलेटनं हात टेकले. मग बाजूच्या गावची एक पोरगी तिकडं एमबीबीएस करून राहिली तिला फोटो पाठवला. ती म्हणे "काका, पेशंटच्या फाइली वाचतो आम्ही, हे तर स्वच्छ आहे", आणि एका रविवारी तिनं व्हॉट्सअॅपवर ओळ-ओळ वाचून दाखवली.

वर छापील रकाने आहेत, हुद्दा, जन्म, राष्ट्रीयत्व, पक्ष, सैन्यात कधीपासून, जखमा, आधीची पदकं. आधीचं काही नाही. जखम एक. सैन्यात ऑक्टोबर १९४३ पासून, कारण स्मोलेन्स्क २५ सप्टेंबर १९४३ ला जर्मनांकडून सुटलं आणि सुटल्या-सुटल्या तिथले पोरं भरती झाले. म्हणजे अठरा वर्षं. त्याच्या खाली मोठा चौकोन, त्याचं छापील शीर्षकच असं आहे की शौर्याचं थोडक्यात आणि नेमकं वर्णन करा. तो टेलिफोनची तार टाकणारा होता. जून १९४४, बेलारूसमधला ओर्शा, २३ जूनला रशियनांची मोठी चढाई सुरू झाली आणि २७ ला शहर सुटलं. हा २४ तारखेला गेला. तोफांच्या माऱ्यात तार तुटत होती, हा रांगत जाऊन जोडत होता, तीनदा जोडली, चौथ्यांदा परत आला नाही, पण तार जोडलेली होती आणि फोन चालू होता. नऊ ओळी आहेत सगळ्या मिळून. पोरगी वाचता वाचता थांबली, मी पण काही बोललो नाही.

आबाजींचं 'तारवाला' तेव्हा समजलं.

आणखी एक गोष्ट मला फार लागली. रेजिमेंटच्या कमांडरनं पहिला वर्ग मागितला होता. खाली दुसऱ्या शाईत, वरच्या साहेबानं दुसरा वर्ग मंजूर केला, आणि त्याच्यापुढं एक शब्द, 'पोस्मेर्त्नो', मरणोत्तर. वरच्या साहेबाकडं असे कागद ढिगानं येत असतील, हे मलाही कळते, पण चौथ्यांदा तार जोडायला गेलेल्या पोराचं सोनं कापून चांदी केली हे मला अजून पटत नाही. म्हणजे चित्रातले किरण चांदीचे.

आजीला सगळं वाचून दाखवलं. तिनं एकच विचारलं, "त्याच्या मायले भेटला का रे तो तारा?" याचं उत्तर मला देता आलं ही मोठी गोष्ट आहे. त्या काळी माणूस गेला की त्याचे ऑर्डर सरकारकडं परत करावे लागत. घरच्यांना आठवण म्हणून ठेवता येईल असा पहिला सोव्हिएत ऑर्डर हाच. आणि साहेबानं किरणं, बंदूक, तलवार सगळं आठवणीतून बरोबर काढलं, म्हणजे तो तारा त्यांच्या घरात होता, लहानपणी त्यानं हातात घेऊन पाहिला होता. पण ही नऊ ओळींची शिफारस तेव्हा दफ्तरात बंद होती. साहेबाला भिलाईत असताना एवढंच माहीत असेल की भाऊ तारवाला होता आणि लढाईत गेला. तीनदा, चौथ्यांदा, हे मी वाचलं, त्यानं नाही, आणि मला हे काही केल्या सोडवत नाही.

दोन्ही कागदांची प्रिंट काढून मी वहीत तारा आहे त्याच पानाला लावून ठेवली, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, आता पेटीत नाही, आजीच्या कपाटात. यादीतल्या त्या गावाच्या पत्त्यावर एक चिठ्ठी पण पाठवून राहिलो, पोरीनं रशियनमध्ये लिहून दिली आहे, चित्राचा फोटो जोडला आहे. त्या साहेबाची पोरं-नातवंडं कुठंतरी असतील.

आणि गोंदिया, आमगाव, सालेकसा, डोंगरगड या पट्ट्यातल्या ज्यांचे आजे-पणजे १९५८ ते ६२ मध्ये भिलाईत होते त्यांनी घरच्या पेट्या एकदा पाहा, रशियन लोकांसोबतचा एखादा ग्रुप फोटो निघाला तर मला दाखवा. साहेबाचा चेहरा मी अजून पाहिला नाही. आजी म्हणते उंच होता, आणि डाव्या हातानं लिहायचा.