दिवाळीत धुतलेला स्पंज

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी नेरूळच्या एका काकांचा फोन आला. त्यांच्या टँकमधले सहाही गोल्डफिश लाल पडले होते आणि सकाळपासून पृष्ठभागावर तोंड काढून श्वास घेत होते. रत्नागिरीच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून शिकून नवी मुंबईत फिश टँकची देखभाल करण्याचा व्यवसाय मी करतो. सणाच्या दिवशी शक्यतो कोणाकडे जात नाही, पण 'सहाही' या शब्दामुळे निघालो. वाटेत त्या शब्दाकडे मी नीट लक्ष दिले नाही, ही चूक माझीच.

टँक तीन फुटी होता, पाणी सुमारे ११० लिटर. सहा गोल्डफिशना ती जागा मुळातच अपुरी, पण ते सांगण्याची ती वेळ नव्हती. शेपटीच्या आणि परांच्या पारदर्शक पडद्यात रक्ताच्या बारीक रेषा फुटल्या होत्या. ओरँडा जातीच्या एका पांढऱ्या गोल्डफिशच्या पोटावर, परांच्या मुळाशी, रुपयाएवढा लाल डाग होता आणि त्याच्याभोवतीचे खवले किंचित उभे राहिले होते. हा डाग पाहून माझ्या मनात लगेच एरोमोनास आला. गोड्या पाण्यात नेहमीच असणारा हा जिवाणू मासा अशक्त झाला की रक्तात शिरतो. मग पोटावर, परांच्या मुळाशी रक्त साकळते, खवले फुगतात. काकांनी आदल्या दिवशी दुकानातून आणलेले प्रतिजैविक पाण्यात टाकलेच होते. दुकानदाराने फोटो पाहूनच ते दिले होते. मीसुद्धा दुसरा डोस द्यायच्या बेतात होतो; बाटली हातात होती, झाकणही उघडले होते.

तेवढ्यात फिल्टरकडे लक्ष गेले. त्यातला स्पंज नव्या उशीसारखा स्वच्छ होता. वर्षभर चालणाऱ्या टँकमधला स्पंज असा कधीच नसतो. तो तपकिरी, बुळबुळीत असतो.

"काका, हा नवीन बसवला का?"

"छे हो, जुनाच आहे. रविवारी घराची साफसफाई काढली, तेव्हा टँकही रिकामा केला. दगड घासले, स्पंज नळाखाली पाणी नितळ येईपर्यंत पिळला. साबण अजिबात लावला नाही बरं का!" काका अभिमानाने म्हणाले.

मी बाटलीचे झाकण परत लावले. माशांच्या कल्ल्यांतून सतत बाहेर पडणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू मुख्यतः त्याच स्पंजात वस्ती करतात. नेरूळच्या नळाला मोरबे धरणाचे पाणी येते आणि ते क्लोरीन घालूनच येते; पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असा भारतीय मानकाचा दंडकच आहे. माणसाला सुरक्षित ठेवणारे तेच पाणी स्पंजातून धो धो सोडले की वर्षभराची वस्ती उजाड होऊ शकते. काकांनी टँक भरताना अँटी-क्लोरीन, म्हणजे पाण्यातला क्लोरीन निकामी करणारे द्रावण, आठवणीने टाकले होते; स्पंज पिळताना मात्र तो विचार कोणाला सुचणार?

अमोनियाच्या चाचणीची नळी पिवळी राहायला हवी होती, ती गर्द हिरवी झाली. तक्त्याशी ताडून पाहिले तर लिटरमागे ४ मिलिग्रॅम. सामू, म्हणजे पाण्याचा पीएच, निघाला ८. हे मात्र मला खटकले, कारण इकडचे धरणाचे पाणी मऊ असते आणि माझ्या इतर घरच्या टँकांत सामू सहसा इतका चढत नाही. विचारल्यावर काकू म्हणाल्या, "ते तळाचे शिंपले आम्ही मागच्या महिन्यात अलिबागहून आणले." शिंपले म्हणजे चुनखडीच; ती हळूहळू विरघळून सामू चढवते. अमोनियाचा खरा विषारी अंश सामूवर ठरतो: २५ अंश तापमानाला सामू ७ असताना तो एकूण अमोनियाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, सामू ८ झाला की पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे तेवढाच अमोनिया जवळजवळ दसपट घातक.

एक मासा ओल्या हाताने जाळीत धरून, मोबाईलच्या उजेडात कल्ल्याचे झाकण अलगद उचलून पाहिले. कल्ले सुजलेले, गडद लाल, वर चिकट पातळ थर. नायट्राइटची बाधा असती तर ते तपकिरी दिसले असते. शिवाय जिवाणूंचा आजार बहुधा एकदोघांपासून सुरू होऊन पसरतो. सहाही मासे एकाच वेळी लाल पडले तर आधी पाणी तपासावे, हे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. त्या दिवशी मात्र पोटावरच्या त्या एका डागाने मला भुलवले.

उपाय साधे होते. शिंपले काढले, अँटी-क्लोरीन टाकलेल्या पाण्याने अर्धे पाणी बदलले, एअर पंप जोडला, दोन दिवस खाणे पूर्ण बंद करायला सांगितले आणि औषधही थांबवले, कारण प्रतिजैविक उरल्यासुरल्या उपयोगी जिवाणूंवरही घाव घालू शकते. संध्याकाळी फटाक्यांच्या धुरातून घरी जाऊन माझ्या टँकमध्ये राखून ठेवलेला एक जुना, काळपट स्पंज पिशवीतल्या पाण्यात बुडवून आणला. तो फिल्टरमध्ये बसताना काकूंनी नाक मुरडले, पण काही बोलल्या नाहीत.

पुढचे आठ दिवस रोज चाचणी आणि थोडे थोडे पाणी बदलणे चालू ठेवले. अमोनिया उतरू लागल्यावर अपेक्षेप्रमाणे नायट्राइट वाढला, म्हणून लिटरमागे १ ग्रॅम खडेमीठ विरघळवून टाकले. मिठातले क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. पाच माशांच्या शेपटीतल्या रेषा हळूहळू फिकट झाल्या. पांढरा ओरँडा चौथ्या दिवशी सकाळी तळाशी आडवा सापडला. अमोनियाने अशक्त झाल्यावर त्याच्यात जिवाणू शिरले की तो आधीपासूनच आजारी होता, हे मला सांगता येत नाही. त्याच्या डागाचा नमुना मी पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता, आणि तो घेतला नाही.