अडुसष्टची तार

मुलगा माझ्या गिटारदुरुस्तीच्या दुकानात शिरला तो तक्रार घेऊनच. "काका, लो ए थांबतच नाही. ट्यूनरवर बरोबर लावतो, वाजवली की चढते आणि मग घसरत खाली येते."

गिटार मांडीवर घेतली, जाड तार अंगठ्याने ओढून पाहिली. कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी हातात आली.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गिटारची सगळ्यात जाड तार ई ला लावतात, पेटीच्या भाषेत पांढरी तीन, ८२.४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं. या पोराने ती थेट खालच्या पांढरी सहावर, म्हणजे ए वर, ५५ हर्ट्झला आणली होती. बाकीच्या पाच तारा पाच-पाच सेमीटोन, म्हणजे पेटीच्या पाच-पाच पट्ट्या (काळ्या-पांढऱ्या धरून) खाली, ही एकटी सात. मेटल, म्हणजे जड, कर्कश रॉक, वाजवणारे याला ड्रॉप ए म्हणतात. बेस गिटारची ए तार मोकळी छेडली तर हाच स्वर येतो. म्हणजे पोरगं सरळ बेसवाल्याच्या घरात घुसलं होतं. आणि तारा कोणत्या? गिटारबरोबर मिळालेल्या, १० ते ४६.

हे आकडे तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात. ४६ ची तार ई ला असते तेव्हा तिच्यावर जवळपास ८ किलोंचा ताण असतो. ताण स्वराच्या कंपनसंख्येच्या वर्गाने बदलतो. स्वर दोन तृतीयांशावर आला की ताण चार नवमांशावर येतो. उरले साडेतीन किलो. एवढ्या ढिल्या तारेवर पिकचा फटका बसला की ती आधी ताणली जाते, स्वर चढतो, मग जागेवर येतो. ट्यूनर बिचारा खरंच सांगत होता. गिटार विकणारे हे सांगत नाहीत. व्हिडिओतले गुरू तर मुळीच नाहीत, त्यांचं शिक्षण "की फिरवा आणि बघा किती हेवी" इथेच संपतं.

"हे सगळं कशासाठी?" मी विचारलं.

"जड वाटतं, काका."

ब्लॅक सबाथ या मेटल बँडच्या गिटारवादक टोनी आयोमीला निदान कारण होतं. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो. साबणाच्या प्लास्टिकच्या बाटलीतून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा घेतल्या आणि पुढे १९७१ पर्यंत गिटार काळी एकपर्यंत उतरवली, कारण ढिली तार दाबायला सोपी. मुलाला हे ठाऊक नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि गिटार कधी मिळेल ते विचारलं.

काम मी मन लावून केलं, हे सांगितलंच पाहिजे. हिशेब मांडला: ६४८ मिलिमीटरच्या स्केलवर, म्हणजे तारेच्या वाजत्या लांबीवर, ए ला पुन्हा पावणेआठ किलो ताण हवा असेल तर तार लागते ६८ ची. ती मागवली. ४६ च्या खाचेत ती बसणं शक्यच नव्हतं, म्हणून नटची, म्हणजे मानेच्या टोकाला तारा अडकवणाऱ्या हाडाच्या पट्टीची, खाच कानशीने रुंद केली, थोडं घासायचं, तार बसवून बघायची, पुन्हा घासायचं. खाच एकदा खोल गेली की हाड परत वाढत नाही. जाड तारेचं टोक आधी काटकोनात वाकवायचं आणि मगच कापायचं, नाहीतर वरची वेटोळी आतल्या गाभ्यावरून सुटतात आणि तार मुकी होते. इंटोनेशनसाठी, म्हणजे तार मानेवर कुठेही दाबली तरी स्वर खरा लागावा म्हणून, तिच्या दुसऱ्या टोकाचा टेकू, सॅडल, मागे सरकवत गेलो तर स्क्रू संपला. मधली स्प्रिंग काढली तेव्हा जागा झाली. मानेतली सळई, ट्रस रॉड, फिरवून मानेला पाव मिलिमीटरचा बाक दिला. दोन दिवस गेले. शेवटी तार छेडली तर ट्यूनरचा काटा जागचा हलला नाही. कॉफी पीत मी ती गिटार अर्धा तास उगाच वाजवत बसलो होतो.

पाचव्या दिवशी मुलगा परत. "काका, आवाज गेला."

"गेला म्हणजे?"

"आधी झ्यांग यायचा. आता नुसतं दुम."

झ्यांग म्हणजे ढिली तार फ्रेटवर, मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, आपटल्याचा आवाज. आमच्या भाषेत बझ, म्हणजे दोष. तो काढण्याचेच पैसे मी घेतो. तसं त्याला बोललोही, जरा चढ्या आवाजात. तो काही वाद घालत बसला नाही. "रविवारी रेकॉर्डिंग आहे, तुम्ही या ना," एवढंच म्हणाला.

गेलो. ध्वनिमुद्रण करणारा पंचविशीचा, गळ्यात हेडफोन, डोळे पडद्यावर. गिटारचा ट्रॅक उघडून त्याने पहिलं काम केलं ते म्हणजे ९० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाकलं. मी म्हटलं, "अरे, तार ५५ ला आहे!" तो म्हणाला, "ते बेस घेईल." बेसवाल्याने पाच तारांच्या बेसवरची सगळ्यात जाड तारही ए ला उतरवली होती, २७.५ हर्ट्झला. तो आणि ड्रम मिळून खालची जागा भरतात. गिटारचं काम वरचं, तारेचा लोखंडी आवाज आणि करकर. ऐकणारा शेवटी मोबाइलवर ऐकणार आणि त्या टिचभर स्पीकरमधून ५५ हर्ट्झ बाहेर पडतच नाही. वरचे स्वर ऐकून खालचा स्वर कानच भरून काढतो.

ज्या ५५ साठी मी दोन दिवस कानस चालवली, ते त्याने एका सेकंदात पुसलं.

परतताना मला मिरज आठवली. गिटारकडे वळण्याआधी दोन वर्षं मी तिथे तंबोऱ्यांच्या कामावर होतो. जवारी म्हणजे दुसरं काय? तार घोडीला अशी घासली पाहिजे की ती झणझणेल. जवारी लागली नसेल तर खरज नुसता ठोका होतो. लागली की त्याच खरजातून गंधार आपोआप ऐकू येतो. दोन वर्षं हे केलं आणि पेठेत दुकान टाकल्यावर झणझणाटालाच रोग ठरवून बसलो.

तरीही एक फरक मी सोडणार नाही. जवारी एका ठिकाणी असते, ठरवून, तारेखालच्या दोऱ्याने जुळवलेली. बझ कुठल्याही फ्रेटवर, केव्हाही येतो, आणि फटका जोरात बसला की स्वर चढतोच. त्या रेकॉर्डिंगमध्ये दोन ठिकाणी जाड तार स्पष्ट बेसूर आहे. बाकी कुणाला खुपत नाही.

आता आली खरी पंचाईत. ६८ साठी कापलेल्या खाचेत बारीक तार लुटुलुटु हलते. खाचेत हाडाचा भुगा आणि सुपरग्लू भरून भागतं, पण मला ते ठिगळ वाटतं. नवीन नट कोरून दिला, पैसे न घेता. तार ५६ ची घातली, ए ला सव्वापाच किलो. झ्यांग बऱ्यापैकी परत आला, काटाही थोडाच हलतो. मुलाला सांगितलं, ट्यूनरवर किंचित खाली लाव, म्हणजे फटक्यावर बरोबर येईल. तो खूश. मी निम्माच.

जुना नट खणात ठेवलाय.

काल रात्री त्याचा मेसेज आला: "काका, आता जी वर आणली. लय भारी वाजतेय. फक्त थोडी चढते-उतरते, बघता का?"

जी म्हणजे ४९ हर्ट्झ. कागद घेतला, हिशेब केला. ५६ ची तार, सव्वाचार किलो. अजून उत्तर पाठवलेलं नाही.