सरांची सळई आणि वरची वाळू

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचे निमंत्रण आले तेव्हा सरांखेरीज दुसऱ्या कशावर लिहावे, हे सुचलेच नाही. कोणते सर, हे आपल्या शाळेत सांगावे लागत नाही.

लांब उडीच्या खड्ड्यात सरांनी एकदा लोखंडी सळई उभी ठोकली, तिच्या डोक्याला सुतळीने ताणकाटा बांधला आणि आम्हाला आडवे ओढायला लावून सरकणे पट्टीवर मोजले. मग सळईभोवतीची वीतभर वाळू उपसून तेवढ्याच जोराने ओढायला सांगितले. सळई कितीतरी अधिक कलली. खालची वाळू तर जागची हललीही नव्हती!

आज मी बंदरांतल्या धक्क्यांचे आणि पुलांचे पाइल-पाये, म्हणजे जमिनीत खोल रोवलेल्या खांबांचे पाये, आखतो, आणि वाळूतल्या पाइलवर आडवा भार आला की त्याला मुख्यतः वरच्या पाच ते दहा व्यासांइतक्या खोलीतली वाळूच तोलून धरते, हे रोज पाहतो. पाइलचा ताठपणा भागिले खोलीबरोबर वाळूची दृढता वाढण्याचा दर, याचे पाचवे मूळ काढले की एक लांबी मिळते. पाइल तिच्या चौपटीहून लांब असेल, तर आणखी खोल जाऊन आडव्या भारासाठी काही पदरात पडत नाही. त्यापेक्षा डोके पाइल कॅपमध्ये, म्हणजे पाइलची डोकी एकत्र बांधणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्यात, पक्के जखडावे. तेवढ्याच भाराला सरकणे सुमारे ४० टक्क्यांवर येते, मात्र कॅपपाशी येणाऱ्या वाकण्यासाठी सळ्या द्याव्या लागतात. भूस्तर-अहवालांत खोल थरांवर पानेच्या पाने असतात आणि वरच्या दोन-तीन मीटरांवर दोन ओळी, हे मला उफराटे वाटते. प्रवाहाने पहिल्यांदा धुपतो तो हाच थर. टेक्सासमधील मस्टँग बेटावर ६१० मिमी व्यासाच्या पोलादी पाइलवर झालेल्या आणि १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांवर बेतलेल्या पद्धतीतही, वारंवार येणाऱ्या भारासाठी प्रतिकार घटवतात तो उथळ भागातच. पाच व्यासांखाली फरक धरत नाहीत.

तो खड्डा बुजवून तिथे फरशी घातल्याचे कळले. वाईट वाटले, कारण दोन सळया एकामागे एक ठोकून मागची सैल का पडते, हेही सरांनी तिथेच दाखवले होते. मध्यापासून मध्यापर्यंत तीन व्यासांचे अंतर असलेल्या पाइलच्या समूहात भाराच्या दिशेने पहिल्या ओळीला वाळूचा प्रतिकार एकट्या पाइलच्या ०.८ पट, दुसरीला ०.४ आणि तिसरीला ०.३ पट धरण्याचा प्रघात आहे. तरुण सहकारी पाइलची संख्या वाढवून मोकळे होतात, तेव्हा मी आधी मागच्या ओळींचा हिशेब मागतो.