एसीची टकटक: भेगाळलेला पिनियन आणि त्यामागची झडप

इग्निशन चालू केलं की डॅशबोर्डच्या पोटातून टक... टक... टक. दोन-दोन सेकंदांच्या अंतराने, अर्धा मिनिट, मग शांत. चालकाकडे गार हवा आणि शेजारच्या सीटवर कोमट. गार-गरम हवेचं मिश्रण ठरवणाऱ्या झडपेचा अ‍ॅक्च्युएटर (झडप फिरवणारी मोटर आणि गिअरची डबी) गेला, एवढं आवाजावरूनच कळत होतं. आतला नेमका कोणता गिअर गेला आणि का गेला, हे कळायला तीन रविवार लागले. त्या तीन रविवारांची ही नोंद.

काढण्यापूर्वी आउटपुट शाफ्टवर आणि झडपेच्या दांड्यावर पांढऱ्या रंगाची एकेक रेघ ओढून ठेवली. तीन स्क्रू, एक कनेक्टर, डबी हातात. कनेक्टरला पाच तारा होत्या: दोन मोटरच्या, तीन पोटेन्शिओमीटरच्या (शाफ्टबरोबर फिरून व्होल्टेज बदलणारा भाग). म्हणजे कंट्रोल युनिट मोटर फिरवतं आणि पोटेन्शिओमीटरच्या व्होल्टेजवरून झडप कुठवर पोचली ते वाचतं. दाते घसरले की व्होल्टेज हवं तिथे पोचत नाही, युनिट मोटर ढकलतच राहतं आणि टकटक सुरू राहते. (ज्यांच्या डबीला दोनच तारा आहेत, त्यांच्याकडे पोटेन्शिओमीटर नसतो, तिथे युनिट मोटरच्या करंटमधली स्पंदनं मोजून जागा ठरवतं.)

लगेच न उघडता आधी टेबलावर मोटरच्या दोन तारांना वीज देऊन शाफ्ट पाव फेरा फिरवला आणि टक मोजले. तीन टक, अगदी समान अंतरावर. मग झाकण काढून दाते मोजले. मोटरवर वर्म (स्क्रूसारखा गिअर), त्यापुढे अ (२० दाते, पोटात १० चा पिनियन, म्हणजे त्यालाच जोडलेला छोटा गिअर), मग ब (४० आणि १०), मग क (३० आणि १०), शेवटी आउटपुटचा ४० दात्यांचा गिअर. एकूण गुणोत्तर २० × ४ × ३ × ४, म्हणजे ९६०. आउटपुटच्या एका फेऱ्यात ब चे १२ फेरे होतात, म्हणून पाव फेऱ्यात ३. टक तीनच होते, तेव्हा दोषी ब. हा हिशोब जरूर करून पाहा. पाच गिअर भिंगाखाली धरून भेग शोधत बसण्यापेक्षा आवाजच गिअरचं नाव सांगतो.

ब वर एकही दाता तुटलेला नव्हता. भिंगाखाली पिनियनच्या दोन दात्यांमधल्या खोबणीत केसासारखी भेग दिसली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. भेगेमुळे तिथलं दोन दात्यांमधलं अंतर किंचित वाढलं होतं. दर फेऱ्याला ती जागा समोर आली की समोरचा दाता नीट बसत नव्हता, वर चढून खाली पडत होता. तोच तो टक.

भेग का पडली हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पिनियनमध्ये २ मिलिमीटरची स्टीलची पिन दाबून बसवलेली होती. खोबणीच्या तळापासून पिनेपर्यंत प्लास्टिकची भिंत जेमतेम एक मिलिमीटर, आणि ती भिंत कारखान्यातून बाहेर पडल्या दिवसापासून पिनेभोवती ताणलेली. खोबणीचा कोपरा हा ताण एकवटण्याची जागा. त्यात उष्णतेचे चढउतार वर्षानुवर्षं. भेग तिथेच पडणार होती.

प्लास्टिक कोणतं ते ओळखायला मिठाचं संपृक्त पाणी वापरलं. त्याची घनता सुमारे १.२, साध्या नायलॉनची १.१४, पीओएम या गिअरसाठी वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या प्लास्टिकची १.४१. तुकडा बुडाला. काचतंतू मिसळलेलं नायलॉनही बुडतं, पण इथे भिंगाखाली तंतू दिसले नाहीत आणि पृष्ठभाग मेणासारखा गुळगुळीत होता, म्हणून पीओएम धरलं. ज्यांच्या हातात इन्स्टंट ग्लूची ट्यूब आहे त्यांनी ती बाजूला ठेवावी. पीओएमला ग्लू किंवा इपॉक्सी टिकाऊ धरत नाही, आणि भेगेबाहेर आलेला थेंब खोबणीत वाळला की तो नवा अडथळा.

ब नवा थ्रीडी प्रिंटरवर छापायचा होता, म्हणून दुसरा रविवार सगळा मापांत गेला. मोठ्या गिअरचा बाहेरचा व्यास २१.० मिलिमीटर, तो दाते अधिक दोनने, म्हणजे ४२ ने भागला की मॉड्यूल (दात्याच्या आकाराचं माप) ०.५. सरळ. पिनियनने मात्र अडवलं. सूत्राने व्यास ६.० यायला हवा, कॅलिपर ६.४ दाखवत होता. मॉड्यूल चुकलं असं वाटून तासभर घालवला. खरं कारण असं की २० अंशांच्या दाबकोनावर (दाते एकमेकांना ज्या तिरक्या दिशेने ढकलतात तो कोन) १७ पेक्षा कमी दाते असले की दात्याचा बुंधा आतून कोरला जातो, म्हणून बनवणारे लहान पिनियनचे दाते थोडे बाहेर सरकवतात. त्याला प्रोफाइल शिफ्ट म्हणतात. इथे ते मॉड्यूलच्या ०.४ पट निघालं. शिफ्ट न देता चित्र काढलं असतं, तर बारीक मानेचे दाते छापले गेले असते आणि पहिल्याच धक्क्याला गेले असते.

थ्रीडी प्रिंटसाठी ०.४ मिलिमीटरचा नोझल (वितळलेलं प्लास्टिक सोडणारं तोंड) इथे निरुपयोगी आहे. या मॉड्यूलला दात्याची जाडी ०.७९ मिलिमीटर, म्हणजे त्यात दोनच रेघा मावतात. ०.२ चा नोझल लावल्यावर दात्याला आकार आला. पहिला गिअर पीएलए या छपाईच्या नेहमीच्या प्लास्टिकचा छापला, तो फक्त माप बसतं का ते पाहायला. पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं आणि ही डबी हीटरच्या शेजारी बसते, म्हणून तो गाडीत घालायचा नाही. खरा गिअर नायलॉनचा, फिलामेंट (छपाईची प्लास्टिकची तार) आदल्या रात्रभर सुकवून, आस उभा ठेवून. आडवा छापला तर दाता थरांच्या जोडावरच मोडतो. तळाचा फुगलेला पहिला थर ब्लेडने काढून टाकला.

पितळेचा गिअर का नाही, हे कुणीतरी विचारेलच. ब ने हार मानली नाही की झटका क च्या पिनियनवर जातो, आणि क ही प्लास्टिकचाच. मला पितळ नको.

एक बदल मी जाणूनबुजून केला, आणि या सगळ्या खटाटोपातला तोच मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मोठा गिअर आणि पिनियन एकाच तुकड्यात आहेत, त्यामुळे एकाकडून दुसऱ्याकडे जोर पोचवायला पिनेची पकड लागतच नाही. मग भोक थोडं सैल केलं, पिन डबीत स्थिर बसवली आणि गिअर तिच्यावर मोकळा फिरू दिला. भिंतीवरचा कायमचा ताण गेला. प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस दात्यांवर आणि पिनेवर लावलं; पोटेन्शिओमीटरच्या काळ्या कार्बन पट्टीला मात्र ते लागू दिलं नाही.

तिसऱ्या रविवारी परत बसवायला गेल्यावर आधी झडपेचा दांडा बोटांनी फिरवून पाहिला. दोन तृतीयांश प्रवास हलका, शेवटी जाम. हे पहिल्या दिवशीच पाहायला हवं होतं. व्हेंटमधून अधूनमधून काळा चुरा येत होता, त्याचा अर्थ आता लागला. ब्लोअर काढून आत टॉर्च मारला: झडपेच्या कडेचा फोम सुटून दुमडला होता आणि पाचरीसारखा अडकत होता. लांब चिमट्याने सुटलेला भाग काढला. त्या बाजूची सील आता पूर्ण नाही, थोडी गरम हवा झिरपणार. नवा फोम लावायचा तर आख्खी डक्ट उतरवावी लागेल, ते काम पुढे कधीतरी.

करंटचे आकडे: मोटर झडपेविना ४० मिलिअँपिअर, अडकलेल्या झडपेवर ११० च्या वर, साफ केल्यावर ६५. जुन्या फोमसकट नवा गिअर बसवला असता तर तोही लवकरच वाजू लागला असता.

रेघा जुळवून डबी बसवली, बॅटरी जोडली, इग्निशन चालू करून कशालाही हात न लावता मिनिटभर थांबलो. युनिटने झडप दोन्ही टोकांना नेऊन टोकांची व्होल्टेज नोंदवून घेतली. माझ्या गाडीत हे आपोआप होतं, काही गाड्यांना स्कॅनरमधून आज्ञा द्यावी लागते. आवाज नाही. दोन्ही सीटवर सारखी गार हवा.

ज्यांचे फक्त आउटपुट गिअरचे दाते झिजलेत त्यांच्यासाठी: तो गिअर पाव ते अर्धा फेराच फिरतो, म्हणून उरलेले दाते कोरे असतात. शाफ्टची खाच आणि पोटेन्शिओमीटरची चावी परवानगी देत असतील तर तो अर्धा फेरा वळवून बसवा, प्रिंट करायची गरज नाही.

सहा आठवड्यांनी डबी पुन्हा उघडली. दात्यांच्या बाजू चकचकीत झाल्यात, भेग नाही, भोकात हाताला जाणवेल अशी झीज नाही. पायाकडे हवा वळवणारा अ‍ॅक्च्युएटर याच घडणीचा आहे आणि त्यातही पिन दाबूनच बसवलेली असणार. तो अजून वाजत नाही. ब चे आणखी दोन गिअर छापून बाजूला ठेवलेत; येत्या रविवारी पायाकडचा अ‍ॅक्च्युएटर उघडून आधी त्याच्या झडपेचा दांडा फिरवून पाहणार आहे.