झील धरणारी माणसं : आमच्या लोककला शाळेची वाटचाल

आमची शाळा नारायणगावात आहे. पुणे-नाशिक महामार्गावरचं, जुन्नर तालुक्यातलं हे बाजारपेठेचं गाव. शहरातल्या लोकांना ते टोमॅटोच्या बाजारामुळे माहीत असतं. गावोगावच्या यात्रा कमिट्यांसाठी मात्र ही तमाशा पंढरी, विठाबाई नारायणगावकरांचं गाव. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडमालकांच्या, म्हणजे तमाशाच्या संचांच्या मालकांच्या, राहुट्या लागतात. गावकरी येतात, पानसुपारी होते, आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात.

मोठे फड दसऱ्याला बाहेर पडतात आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपास परततात. मग पावसाळाभर कलावंताच्या हाताला काम नसतं. मालकाकडून उचल घ्यायची, त्यावर घर चालवायचं आणि पुढच्या हंगामात नाचून-वाजवून ती फेडायची, ही जुनी रीत. माझे वडील फडात ढोलकी वाजवायचे. आमच्या घरात दर आषाढात उचलीचा विषय निघायचा आणि आईचा चेहरा उतरायचा. मी स्वतः काही वर्षं लावणी केली, धाकटा भाऊ वडिलांच्या हाताखाली ढोलकी शिकला. रिकाम्या महिन्यांत या माणसांना शिकवायचं काम द्यावं आणि त्याचे रोख पैसे द्यावेत, म्हणजे उचल निदान निम्मी होईल, एवढ्याच हिशेबावर २०१३ साली आम्ही दोघांनी शाळा काढली. शॉप अ‍ॅक्टचा दाखला काढला, एका कांदा व्यापाऱ्याचं पत्र्याचं गोडाऊन भाड्यानं घेतलं आणि सहकारी बँकेकडून कर्ज काढून आत फरशी घातली.

शिकवतो ते असं : ढोलकी, हलगी, संबळ, तुणतुणं, लावणी, गण-गवळण, पोवाडा. आणि झील. पहिले सगळे विषय पालकांना समजतात, झील समजावून सांगावी लागते. मुख्य गाणारा ओळ टाकतो, तिचा शेवट मागे उभे असलेले झीलकरी उचलतात आणि उंच सुरात ओढत नेतात. तेवढ्यात गाणाऱ्याला दम घेता येतो, पुढची ओळ आठवता येते, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत गाणं पोचतं. कानावर हात ठेवून ‘जी जी रं जी’ म्हणणारी ती माणसं पोस्टरवर कधी नसतात, पण ती नसली तर फड उभा राहत नाही. आम्ही शाळेत या विषयाला सुरुवातीपासून मान दिला आणि त्याचे मास्तर वयानं सगळ्यांत मोठे होते. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे.

पैसा यायचा तो निराळ्या वाटांनी. गावातल्या मुलांची फी नाममात्र. पुण्याहून शनिवार-रविवारी येणाऱ्यांची फी बरी. युवक महोत्सवासाठी कॉलेजची मुलं लोकनृत्य बसवून घ्यायची. पण खरा आधार डिसेंबर-जानेवारीतल्या शाळांच्या गॅदरिंगचा. नाच बसवायचे, शिवाय नऊवारी, फेटे, घुंगरू भाड्यानं द्यायचे. त्या दोन महिन्यांत वर्षाचं भाडं आणि बँकेचे हप्ते निघायचे. शिकवण्याच्या फीमधून आम्ही मास्तरांचं मानधन सोडून दुसरं काही केलं नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे.

मार्च २०२०च्या मध्यावर शाळा-नाट्यगृहं बंद करण्याचे आदेश निघाले तेव्हा आम्हीही वर्ग थांबवले. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला. २५ मार्चला देशभर टाळेबंदी सुरू झाली, आणि त्याच दिवशी गुढीपाडवा होता. तमाशाच्या धंद्यात वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस. राहुट्यांकडे कुणी फिरकलं नाही. ठरलेल्या सुपाऱ्या मोडल्या, यात्रा कमिट्या दिलेला विसार परत मागू लागल्या. फडमालकांनी तो विसार आधीच कलावंतांना वाटलेला होता, मालकांच्याच डोक्यावर कर्ज होतं. आमचे मास्तर लोक हंगाम अर्धवट टाकून घरी आले. येताना हातात पैसे नव्हते आणि अंगावर उचल तशीच होती. शाळा ज्या चार महिन्यांसाठी काढली होती, तो पावसाळा आता बारमाही झाला होता.

भावानं आणि मी पहिली गोष्ट ठरवली ती मानधनाची. वर्ग असो नसो, प्रत्येक मास्तरला निम्मं मानधन महिन्याच्या महिन्याला द्यायचं. कुठून, ते ठरलेलं नव्हतं. गोडाऊनच्या मालकानं आपण होऊन भाडं निम्मं केलं. रिझर्व्ह बँकेनं हप्त्यांना मुदत दिली, ती आम्ही ऑगस्टअखेरपर्यंत पूर्ण वापरली. व्याज चढत होतं ते माहीत होतं, पण त्या महिन्यांत हातातला रुपया माणसांना देणं जास्त गरजेचं होतं. शाळेच्या शिलाईवाल्या मावशींनी जुन्या सुती नऊवारींचे मास्क शिवले आणि ते विकले गेले. सगळ्यांत मोठा हात माजी विद्यार्थ्यांनी दिला. पुण्यात नोकरी करणाऱ्या दोघी-तिघींनी फोन केला, ‘ताई, पुढच्या वर्षाची फी आत्ताच भरतो.’ त्यांचं बघून इतरांनीही भरली.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. कोकणात ते किनाऱ्याला लागलं, पण दुपारनंतर जुन्नरच्या शेतांतही वाऱ्यानं धुमाकूळ घातला. आमच्या गोडाऊनचे काही पत्रे उडाले, पाणी आत आलं. त्याहून वाईट होतं ते पुढच्या दमट महिन्यांत वाद्यं बंद खोलीत ठेवणं. ढोलकीचं, हलगीचं, संबळाचं कातडं हे वाजतं असलं तरच जगतं. हात लागत नाही, ऊन मिळत नाही, तेव्हा पुडी (ताणून बसवलेलं कातडं) सैल पडते, शाईला (ढोलकीच्या कातड्यावरच्या काळ्या लेपाला) तडे जातात, बुरशी धरते, उंदीर लागतात. शाळेत वाद्यं आणि घरी पोरं, असं कुलूप लावून बसण्यात अर्थ नव्हता. भावानं टेम्पो काढला, परवानगी घेतली आणि सगळी वाद्यं विद्यार्थ्यांच्या घरी नेऊन दिली. आळे, ओतूर, मंचर, जुन्नर, जिथे जिथे पोरं होती तिथे. रोज वाजवायचं, दुपारी उन्हात ठेवायचं, रात्री कापडात गुंडाळायचं, एवढी अट. स्वतःची ढोलकी घेण्याची ज्यांची ऐपत नव्हती, त्या मुलांकडे पहिल्यांदाच चोवीस तास वाद्य आलं. त्या पावसाळ्यात त्यांचा हात जितका तयार झाला, तितका आठवड्यातून दोनदा येऊन कधी झाला नसता.

आता ऑनलाइन शिकवण्याबद्दल सविस्तर सांगते, कारण अजूनही लोक विचारतात आणि उत्तर एका शब्दात देता येत नाही.

जूनअखेर आम्ही झूमवर वर्ग सुरू केले. फुकटच्या खात्यावर चाळीस मिनिटांनी मीटिंग तुटायची, तेवढ्यात निम्मी मुलं रेंजमध्ये आलेली असायची. ढोलकीची तर वेगळीच अडचण. ही ॲप्स माणसाचं बोलणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून बनवलेली. ढोलकीची थाप त्यांना गोंगाट वाटते आणि ती दाबून टाकतात. भाऊ इकडे जीव तोडून वाजवतोय आणि मुलांना मधूनच टक-टक ऐकू येतंय. एका पालकानं ‘ओरिजिनल साउंड’ची सोय दाखवली, त्यानं शाईकडचा आवाज बऱ्यापैकी जाऊ लागला. डाव्या तोंडाची खर्जातली धूम मात्र मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून ऐकू येतच नाही. आणि धूम नसेल तर लावणीचा ठेका पोकळ होतो. मग मुलांना इअरफोन लावायला सांगितले.

लावणीच्या मुलींचं दुखणं वेगळं. मोबाइल उभा धरला की चेहरा दिसतो, पाय दिसत नाहीत. लांब ठेवला की पाय दिसतात, अदा जाते. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये घुंगरू बांधले की खालच्या मजल्यावरून तक्रार. म्हणून घुंगरू सोडायला लावले आणि अनवाणी पावलांचा तळवा जमिनीवर कसा पडतो, तेवढंच काही महिने घेतलं. याचा फायदा झाला. घुंगरांच्या आवाजात कच्चं पाऊल लपून जातं. तळव्याच्या आवाजात लपत नाही. आजही नव्या मुलींना मी घुंगरू उशिरा देते.

थेट वर्ग लवकरच कमी केले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलो. मुलानं दिवसभरात एक तुकडा वाजवून पाठवायचा, मास्तरनं तो ऐकून बोलून उत्तर पाठवायचं. इथे आमच्या हलगीच्या मामांनी सगळ्यांना मागे टाकलं. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. बोललेला निरोप पाठवता येतो हे समजल्यावर ते एकेका पोराला पाच-पाच मिनिटं समजवायचे, तोंडानं बोल म्हणून दाखवायचे, मग हलगी तापवून तोच तुकडा वाजवायचे. ‘ऐक, तुझी काडी घाई करतीया, मनगट ढिलं सोड.’ ती मुलं ते निरोप जपून ठेवायची, रोज लावून त्याच्यावर हात बसवायची. वर्गात वीस मुलांमध्ये मामांची एवढी शिकवणी कुणाच्या वाट्याला आली नसती. याच मार्गानं अमेरिका-दुबईतली काही मराठी मंडळी शिकू लागली, आणि त्यांच्या फीनं ती दिवाळी मास्तरांच्या घरात साजरी झाली.

पण झील शिकवता आली नाही. फोनवर प्रत्येकाचा आवाज क्षणभर उशिरा पोचतो, आणि प्रत्येकाचा उशीर वेगळा. अण्णांनी ओळ टाकली की चार मुलं चार वेळेला सूर लावणार. सगळ्यांचे माइक बंद ठेवून एकेकाला गायला लावलं, तर तो सूर होतो, झील होत नाही. झील म्हणजे शेजारच्याच्या छातीतला श्वास ऐकून आपला सोडायचा. ढोलकी-हलगीच्या सवाल-जवाबाचंही तेच. हात फोनवर तयार होतो, साथ तयार होत नाही, हे माझं पक्कं मत त्या वर्षात झालं आणि शाळेची पुढची सगळी रचना त्यावर उभी आहे.

झील थांबली म्हणून अण्णांना आम्ही दुसरं काम दिलं. त्यांना कित्येक जुने वग, म्हणजे तमाशातली नाट्यं, पाठ होते, संवादांसकट. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी, वग, असा तमाशाचा जो क्रम, त्यातला वग हा सगळ्यांत लांब आणि आता सगळ्यांत कमी खेळला जाणारा भाग. ते फोनवर सांगायचे आणि दहावीतली एक विद्यार्थिनी लिहून घ्यायची. मध्येच ‘हितं सोंगाड्या काय बोलतो ते रोजचं निराळं’ असं म्हणून ते थांबायचे. तीही जागा ती कोरी ठेवून लिहायची.

५ नोव्हेंबर २०२० पासून नाट्यगृहं निम्म्या क्षमतेनं उघडली. जत्रा बंदच होत्या, गॅदरिंग झालीच नाहीत. जानेवारीत आम्ही गोडाऊनबाहेरच्या मोकळ्या जागेत छोट्या तुकड्या सुरू केल्या. मार्चपर्यंत बरं चाललं. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, पुन्हा निर्बंध, पुन्हा जत्रांचा हंगाम गेला. त्याच लाटेत अण्णा गेले. ऑक्सिजनच्या खाटेसाठी भावानं रात्रभर फोन केले. अंत्यविधीला आम्हाला जाता आलं नाही. वहीत एक वग पूर्ण आणि एक अर्धा राहिला.

त्या वर्षी सरकारनं कलावंतांसाठी पाच हजारांची एकरकमी मदत जाहीर केली. त्यासाठी कागद लागत होते, आणि हयातभर फडावर फिरलेल्या माणसाकडे आपण कलावंत असल्याचा कागद नसतो. शाळेनं प्रत्येकाचं अनुभवाचं पत्र तयार केलं, आधार आणि बँक खात्यांची जुळवाजुळव केली. आता हे काम आम्ही कायमचं धरलं आहे. वृद्ध कलावंत मानधनाचे अर्जही शाळेतून भरून देतो, शिकायला येणाऱ्याच्या घरच्यांचेही आणि न येणाऱ्यांचेही.

२२ ऑक्टोबर २०२१ ला नाट्यगृहं परत उघडली आणि २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्यालाच, राज्यातले करोनाचे निर्बंध उठले. गावात राहुट्या लागल्या. आमचे बरेच मास्तर फडाबरोबर गेले. काही मात्र गेले नाहीत. एकानं ट्रॅक्टर चालवायला घेतला, एकीनं भाजीचा गाळा टाकला. त्यांना मी परत या म्हणाले नाही. दोन हंगाम उपाशी काढल्यावर पक्क्या रोजगाराची वाट धरणाऱ्याला कलेची शपथ घालण्याचा अधिकार कुणालाच नाही.

शाळा आता वेगळ्या पद्धतीनं चालते. एकट्यानं करायचा रियाज फोनवर : तुकडा पाठवा, उत्तर घ्या. नारायणगावात येता तेव्हा एकट्यानं वाजवायचं नाही. आल्या आल्या ढोलकीवाल्याशेजारी हलगी, मागे तुणतुणं आणि झील, समोर नाचणारी. पुण्याच्या मुलांना पूर्वी दर शनिवारी यावं लागायचं, आता ती महिन्यातून एकदा दोन दिवस मुक्कामाला येतात आणि त्यांची प्रगती जास्त आहे. वाद्यं घरी देण्याची पद्धत चालू ठेवली. अनामत घेतो, पण ज्याला परवडत नाही त्याच्याकडून घेत नाही. प्रत्येक फीमधला दहावा हिस्सा वेगळ्या खात्यात जातो. तो मास्तरांच्या आजारपणासाठी आणि बंद पडलेल्या महिन्यांसाठी आहे, आणि त्या खात्यावर मास्तरांपैकी एकाची सही लागते. चार मास्तरांना आता बाराही महिने मानधन मिळतं. त्यांनी गेल्या पावसाळ्यात उचल घेतली नाही.

अण्णांच्या जागी झील शिकवायला बाहेरून कुणी मिळेना. शेवटी वग लिहून घेणारी ती मुलगीच उभी राहिली. फोनवर ऐकून ऐकून तिला त्यांची सगळी वळणं पाठ झाली होती. झीलकरी पुरुषच असतात, पोरीचा आवाज तिथे कसा चालेल, असं मामा आधी म्हणाले. मग त्यांनीच हलगी घेतली आणि तिच्याबरोबर तीन संध्याकाळी बसले. आता तिच्या हाताखाली पाच मुली आणि दोन मुलगे आहेत.

अर्ध्या राहिलेल्या वगाचा उरलेला भाग संगमनेरकडच्या एका निवृत्त सोंगाड्यांना येतो असं कळलं आहे. भाऊ आणि ती मुलगी वही घेऊन त्यांच्याकडे जाऊन आले. ते म्हणाले, आषाढात या, तोपर्यंत शेतीची कामं आहेत. तालमी तेव्हा लागतील, आणि नव्या तुकडीचे प्रवेशही त्याच महिन्यात सुरू होतील.