दत्ताची चार कुत्री

चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेचा जादा तास शनिवारी शाळा सुटल्यावर असायचा आणि तो मी फक्त घरी जाऊन दळण आणायला लागू नये म्हणून लावला होता, शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकात हे कबूल करून टाकतो. वस्तुचित्र, भूमिती सगळ्यात बेताचाच. साल 1987. सरावाला स्मरणचित्राचा विषय मिळाला दत्तजयंती, मी कॅलेंडरवरचा दत्त आठवून काढला, तीन तोंडं, सहा हात, मागे गाय, पायाशी चार कुत्री. सर बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "दत्त ठीक आहे रे, पण ही कुत्री आहेत का उशा?"

मी म्हटलं सर, ते चार वेद आहेत. (आजीनं सांगितलेलं.) तर म्हणाले, "असतील, पण पेढा खाली पडला तर वेद काय करतील ते बघून ये."

मग दोन रविवार एसटी स्टँडवर वही घेऊन बसलो. कुत्रं बसायच्या आधी स्वतःभोवती गोल फिरतं, झोपेतसुद्धा एक कान जागा असतो, परक्या गल्लीतलं आलं की मानेवरचे केस आधी उभे राहतात, भुंकणं नंतर. शेवटी चित्र झालं त्यात एक वेद गोल फिरतोय, दुसरा पिसवा खाजवतोय, तिसरा कमंडलूत नाक घालतोय आणि चौथा, स्टँडवर कंडक्टरकडे बिस्किट मागणारा तुटक्या कानाचा, तो थेट आपल्याकडेच बघतोय, खायला काय आणलंय म्हणून. गायीला मी पोस्टर कलरचा पांढरा फासला तर सर जाम चिडले, वॉटरकलरमध्ये पांढरा लावायचा नसतो, कागद सोडायचा असतो! सगळं परत. मग गाय म्हणजे नुसता कोरा कागद आणि पोटाखाली पाणीदार निळी सावली, माझ्या हातून झालेली सगळ्यात चांगली गाय तीच. प्रदर्शनात एका पाहुण्यांना ही देवाची चेष्टा वाटली, सरांनी चहा पाजला त्यांना, चित्र काही उतरवलं नाही.

पुढे कधीतरी पुरीजवळ रघुराजपूरला गेलो, तिथं कापडावर रंगवतात त्या पट्टचित्रात नवगुंजर बघितला. अर्जुनासमोर आलेला कृष्णच तो, पण कोंबड्याचं डोकं, मोराची मान, बैलाचं वशिंड, सिंहाची कंबर, शेपटीच्या जागी साप, एक पाय वाघाचा आणि एका पायाच्या जागी माणसाचा हात. अर्जुन तो हात बघून देव ओळखतो म्हणे. मी मात्र वाघाच्या पायाकडेच बघत बसलो, पंजा नीट टेकलाय का दबकत टाकलाय. सरांनी लावलेली खोड, दुसरं काय.

ते दत्ताचं चित्र आजीनं देवघराशेजारी लावलं होतं. दर गुरुवारी ती तिन्ही कपाळांना ओलं गंध लावायची, कितीही सांगितलं तरी, आणि वॉटरकलरच तो, दोन वर्षांत तिन्ही तोंडं एकमेकांत विरघळून एकच गुलाबी ढग झाला. कुत्र्यांना गंध लावायचं तिच्या डोक्यात कधी आलं नाही. ती अजून जशीच्या तशी आहेत, तुटका कान धरून.