डिस्क आमच्या शॉपची, रेस कोइमतूरची

बेळगावच्या उद्यमबागेत माझं मशीन शॉप आहे. पंपाचे, ट्रॅक्टरचे, हायड्रॉलिकचे पार्ट आम्ही रोजच काढतो, खरं रेसच्या गाडीची ब्रेक डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणारी थाळी, जिला दोन्हीकडनं पॅड दाबले की गाडी थांबते, ती करून द्या म्हणून कोण आलं नव्हतं. कोल्हापूरचा एक पोरगा टूरिंग कार, म्हणजे रोजच्या गाडीचीच केलेली रेस कार, चालवतो, त्याच्या टीमला पाहिजे होती. कास्टिंग मच्छेतल्या फाउंड्रीतलं, ग्रे आयर्न म्हणजे राखाडी बीड, कारण त्यातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळं उष्णता लगेच पसरते. ड्रॉइंगवर जाडीतला फरक १० मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आत मागितलेला. आमची पोरं वैतागली, मालक एवढं बारीक कोण बघतंय, म्हणून. मी म्हटलं द्यायचं म्हणजे द्यायचं.

टेस्टिंगला कोइमतूरला बोलावलं, करी मोटर स्पीडवेवर. २.१ किलोमीटरचा ट्रॅक. एस. करीवर्धन म्हणून होते, मारुतीचं इंजिन घालून स्वस्तात रेस कार बनवायचे, १९९५ ला विमान अपघातात गेले, ट्रॅकला नाव त्यांचंच. २००५ ला फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन तोपण कोइमतूरचाच. आणि कोइमतूर म्हणजे आपल्यासारखंच फाउंड्री आणि पंपांचं गाव की. रेसिंगचं हे सगळं आपल्याकडं का होऊ नये असं तिथं पोचल्यापासून डोक्यात फिरायलंय.

दुपारी पोरगा म्हणाला, "काका, डिस्क तुमची हाय, बसा की शेजारी." आग लागत नाही तो सूट घातला, हेल्मेट, मानेवर ते कॉलर, हॅन्स म्हणतात. पट्टे अंग धरून ठेवतात खरं डोकं मोकळं असतं, धडक बसली की मान पुढं फेकली जाते, म्हणून हेल्मेट त्याला अडकवायचं. फॉर्म्युला वनमध्ये २००३ पासून सक्तीचं आहे. सहा पट्टे मेकॅनिकनं असे आवळले की अर्धाच श्वास घेता येईना. "काका, दाराला धरू नका, हात पट्ट्यावर ठेवा."

स्पीडचं मला तेवढं वाटलं नाही, खरं सांगतो. हायवेला वंटमुरीच्या उतारावर गाड्या पळतातच. सरळ पट्ट्यावर दीडशेच्या आसपास गेलो, आत गाद्या नाहीत, मॅट नाही, नुसता पत्रा, त्यामुळं गिअरबॉक्सची शिटी थेट डोक्यात, खडा उडून खाली आपटला तरी कळतंय. मग वळण शंभर मीटरवर आलं सांगणारा बोर्ड दिसला, मला वाटलं आता ब्रेक मारणार, मारला नाही, वळण समोर आलं, मारला नाही, आणि मग एकदम मारला. पट्टे खांद्यात रुतले, पोटातलं सगळं पुढं सरकल्यासारखं झालं, आणि त्याच दणक्यात तो गिअर पाडत वळणात शिरलापण. दीडशेला गाडी सेकंदाला जवळपास ४२ मीटर जाते. ५० च्या स्पीडला गाडीत जेवढी ऊर्जा असते त्याच्या नऊपट दीडशेला असते, आणि ती सगळी घासून उष्णता करून टाकायची म्हणजे डिस्कनं अन् पॅडनंच. हे गणित मला आधीपण येत होतं, पट्टे रुतल्यावर अंगात उतरलं.

डिस्क एका जागी जाड, एका जागी पातळ असली की पॅडल पायाखाली धडधडतं आणि ड्रायव्हर घाबरून लवकर ब्रेक मारायला लागतो. हा पोरगा प्रत्येक राउंडला आधीच्यापेक्षा उशिरा मारत होता. त्याचा पाय आमच्या पोरांच्या ग्राइंडिंगवर विश्वास ठेवून होता, दुसरं काय! मला हेल्मेटमध्ये रडू आलं, खोटं कशाला सांगू.

पिटमध्ये आलो तर चाकातून जळका वास, चोर्ला घाट उतरलेल्या ट्रकला येतो तसला. गार होऊ दिलं, मायक्रोमीटर लावून चारी बाजूनं मापलं, फरक दहाच्या आतच. खरं भिंग धरल्यावर पृष्ठभागावर केसासारख्या बारीक चिरा दिसल्या, मधून बाहेरच्या दिशेला. गरम-गार होऊन अशा चिरा पडतातच, पण एका डिस्कवर जास्त होत्या.

ती डिस्क तशीच पोत्यात गुंडाळून बेळगावला आणली आणि फाउंड्रीवाल्या मामांपुढं कापली. दोन थाळ्यांच्या मधे हवा जायला ज्या पट्ट्या असतात त्यातली एक बारीक भरलेली निघाली, कोअर, म्हणजे ओतताना मधली पोकळी राखणारा वाळूचा गाभा, सरकला होता. मामांनी तिथल्या तिथं पॅटर्नवाल्याला, म्हणजे साच्याचा नमुना करणाऱ्याला, फोन लावला. पुढचा लॉट ओतायच्या आधी कोअर बसवताना मी स्वतः उभा राहणार आहे, आणि ग्राइंडिंगवरच्या दोघा पोरांना पुढच्या टेस्टिंगला कोइमतूरला नेणार आहे, शेजारच्या सीटवर त्यांना बसवायचं म्हणून पोरग्याकडून कबूल करून घेतलंय.